लाल खाली, पांढरे वर

टोमॅटोचं फूल उन्हाच्या तडाख्याने गळतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कुठलाही माळी सांगेल. ते का गळतं हे सांगायला मात्र लागतो, आणि त्या एका 'का'पायी तिने आयुष्याची सोळा वर्षं घातली होती.

संस्थेत तिला सगळे मॅडम म्हणत. पाठीमागे 'तापबाई' म्हणत, आणि तेही तिला ठाऊक होतं. एक तर ती उष्णतेवर काम करायची, आणि दुसरं, तिचा स्वतःचा पारा चढायलाही वेळ लागत नसे. वय एकावन्न. लग्न केलं नव्हतं. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "वेळ होता हो, पण तो परागकण मोजण्यात गेला." यात गंमत थोडी आणि खरं जास्त होतं.

तिचं काम तसं समजायला सोपं होतं. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की पेशीतली प्रथिनं अंड्याच्या बलकासारखी आळायला लागतात. झाड मग घाईघाईने मदतनीस प्रथिनं बनवतं. ती या विस्कटलेल्यांना धरून पुन्हा घडीत बसवतात. पानं अशी निभावून नेतात. परागकण मात्र नाजूक, त्याला ही मदत वेळेत पोचत नाही. तो मेला की फळ धरत नाही आणि फूल देठापासून सुटतं. उष्णता लागताच जागी होणारी चाळीसेक जनुकं तिने शोधून काढली होती. त्यांच्या यादीतलं चौदावं जनुक फुलात फार उशिरा जागं व्हायचं. ते आधीपासूनच जागं ठेवलं तर? तिने तशी रोपं तयार केली. प्रयोगशाळेत जनुकाचं नाव 'चौदा नंबर' पडलं आणि रोपांचं 'चौदावाली'.

ही रोपं तापवायची जागा म्हणजे तळघरातली एक स्टीलची खोली. त्यात दोन फळ्या, वर दिव्यांच्या रांगा, मागे पंखा, आणि दारावर तापमान दाखवणारा हिरवा पडदा. तिला 'तापघर' म्हणत. चौदावाल्या रोपांच्या कुंड्यांना लाल चिठ्ठी, साध्या रोपांच्या कुंड्यांना पांढरी. पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने दोन्हींची सरमिसळ केली आणि चार महिन्यांचं काम मातीत गेलं. तेव्हा तिने जाड पेनाने एक कार्ड लिहून तापघराच्या दारावर चिकटवलं: 'लाल खाली, पांढरे वर.' त्यानंतर सरमिसळ कधीच झाली नाही. नवीन आलेल्या विद्यार्थ्याला कॅन्टीन कुठे आहे हे कळायच्या आधी हा नियम कळायचा.

आणि निकाल असे आले की पाहणाऱ्याने पाहत राहावं. तापघरात तीन आठवडे काढल्यावर पांढऱ्या चिठ्ठीच्या झाडांना शंभर फुलांमागे अठरा फळं धरत, लाल चिठ्ठीच्यांना एकसष्ट. सात वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या एका विद्यार्थिनीने मिळून या निकालांचा पेपर एका नियतकालिकात छापला. ही विद्यार्थिनी चणीने लहान, बोलायला लागली की थांबायची नाही. सगळे तिला चिमणी म्हणत. त्या पेपरवर चिमणीला दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. संचालकांचं एकही भाषण चौदा नंबरशिवाय संपेना. बाहेरच्या दोन गटांनी कळवलं की आम्हाला असा फरक दिसत नाही. तिने दोघांनाही तीन ओळींत उत्तर दिलं, की तुमची रोपं मुळातच अशक्त असावीत.

तीन वर्षांपूर्वी ती रोपं पहिल्यांदा तापघराच्या बाहेर पडली. तिचा मोठा भाऊ शहराबाहेर काचघरात टोमॅटो पिकवायचा. परवानग्या मिळवण्यात दीड वर्ष गेलं, मग त्याने एक काचघर कुलूपबंद करून तिच्या हवाली केलं. त्याच्याकडे पाण्याचं सगळं बघायला एक वयस्क माणूस होता, बावीस वर्षं तिथेच. सगळे त्यांना पाणीकाका म्हणत. त्या उन्हाळ्यात ऊन मी म्हणत होतं. पंधरा दिवसांत सगळी फुलं गळाली, पांढऱ्या चिठ्ठीची आणि लाल चिठ्ठीचीसुद्धा. काचघराच्या जमिनीवर पिवळा सडा पडला होता.

ती पाणीकाकांवर तुटून पडली.

"पाणी चुकलंय. नक्की चुकलंय."

"ताई, एक वेळ चुकलेली नाही. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच. तुम्ही सांगितलं तेवढंच, मापाने."

"मग फुलं काय हौसेने गळाली?"

"ते मला काय माहीत? मला पाण्याचं माहीत."

भाऊ मधे पडला, तर त्यालाही ऐकावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "छोटी, नाचता येईना अंगण वाकडं असं चाललंय तुझं." पन्नाशीला आलेल्या बाईला माणसांदेखत 'छोटी' म्हटलेलंही तिला झोंबलं आणि म्हणही झोंबली. ती निघून आली. नंतर तिने त्याच नियतकालिकात एक छोटी टीप छापली: काचघरातल्या चाचणीत सिंचनातील अनियमिततेमुळे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. एक प्रत भावालाही पाठवली. त्याचं उत्तर आलं नाही. मग फोन थांबले, येणंजाणं थांबलं. पहिलं वर्ष तिने रागात काढलं आणि पुढची दोन सवयीने.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तापघराचा कॉम्प्रेसर बसला. नेहमीचा मेकॅनिक नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी दुसरा आला. पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, कामापेक्षा कण्हण्याचा आवाज मोठा. दोन दिवसांत त्याने यंत्र चालू केलं. मग जायच्या आधी, कोणी सांगितलं नसताना, एका काठीला तापमापक बांधून तो फळीफळीवरून फिरवत बसला.

"मॅडम, वरच्या फळीवर काय ठेवता?"

"पांढरे."

"पांढरे काय?"

"साधी झाडं. का?"

"बिचारी," तो म्हणाला.

तिला त्याचा राग आला. "म्हणजे काय?"

"वर अडतीस आहे. खाली चौतीस. पडदा छत्तीस दाखवतो, तो काही खोटं बोलत नाही, पण त्याचं मोजायचं टोक मधोमध बसवलंय. तो आपल्यापुरतं सांगतो."

"कॉम्प्रेसर बिघडला होता म्हणून असेल."

"नाही हो. बनावटच तशी आहे. थंड हवा खालून सुटते, वर जाईपर्यंत दिव्यांनी तापते. पहिल्या दिवसापासून असंच असणार. भाजीच्या गोदामात असलं चालत नाही, वरचा माल सडतो. तुमच्याकडे चालत असेल." त्याने सहीसाठी कागद पुढे केला. तिने सही केली. नेहमी ती तारीख घालायची. त्या दिवशी घातली नाही, आणि मेकॅनिकला ती मागून घ्यावी लागली.

आधी तिने त्याला खोटं ठरवायचा प्रयत्न केला. शेजारच्या दोन प्रयोगशाळांतून बारा तापमापक मागून आणले आणि फळ्यांवर आठवडाभर मांडून ठेवले. वर अडतीस, कधी साडेअडतीस. खाली चौतीसच्या आसपास. पानाला चार अंशांचं काही वाटत नाही, परागकणाला मात्र तेवढ्यात जगणं नाहीतर मरणं. हे वाक्य तिनेच तिच्या पेपरात पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं.

मग कुणालाही न सांगता तिने कुंड्या बदलल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा लाल वर गेले आणि पांढरे खाली आले. तीन आठवडे तिने दार स्वतः उघडलं, पाणी स्वतः घातलं आणि विद्यार्थ्यांना तळघरात फिरकू दिलं नाही. चौथ्या आठवड्यात फुलं काढून परागकण काचपट्टीवर झटकले आणि रंग टाकला. या रंगात जिवंत कण जांभळट लाल दिसतो, मेलेला हिरवट. लाल चिठ्ठीच्या झाडाची पहिली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तर सगळं हिरवं. दुसरीही हिरवी. आठव्या पट्टीनंतर तिने मोजणं सोडलं आणि पांढऱ्या चिठ्ठीची पट्टी घेतली. त्यात जांभळे कण खच्चून भरले होते, टवटवीत, गोल.

फळं धरेपर्यंत आणखी दोन आठवडे ती थांबली, कारण उद्या कोणी काही म्हणायला नको. लाल एकोणीस, पांढरे अठ्ठावन्न. तेच जुने आकडे फक्त खुर्च्या बदलून बसले होते. चौदा नंबर काहीच करत नव्हता. जे काही करत होती, ती फळी.

तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून जास्त आला. चूक एखादी गुंतागुंतीची, विद्वत्तेला शोभेशी असती तरी चाललं असतं. ही चूक म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात ती. कुंड्यांच्या जागा आलटून पालटून ठेवा, नाहीतर झाडाचा गुण कळणार नाही, जागेचा कळेल. दर मंगळवारी ती स्वतः हे वर्गात सांगायची. फळ्यावर आकृती काढून सांगायची. आणि वर्ग संपला की जिना उतरून तळघरात यायची नि लाल खाली, पांढरे वर. बारा वर्षं! तिने सूक्ष्मदर्शकाचं झाकण इतक्या जोरात आपटलं की बाहेरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, काही पडलं का?"

"नाही," ती म्हणाली. "पडायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लावलं, आणि पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला. आणि मेकॅनिकला, पण त्याला त्याचा अर्थ माहीत नाही."

"मग घाई काय आहे? नव्या काचगृहाचा प्रस्ताव पुढच्या महिन्यात मंजूर होतोय. तो सगळा चौदा नंबरवर उभा आहे. नंतर हळूहळू नवीन निकाल छापा, त्यात म्हणा की परिणाम परिस्थितीवर अवलंबून असतो. ते खरंच आहे की."

"परिस्थिती म्हणजे फळी, सर."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मॅडम."

"मूठ उघडून पाहिली मी. आत काही नाही."

त्यांनी पाण्याचा ग्लास परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "बघा. तुमचा निर्णय. पण संस्थेचं नाव जपून वापरा." याचा अर्थ नव्या काचगृहाच्या कागदांवरून तिचं नाव निघणार, हे तिला जिना उतरतानाच समजलं, आणि पंधरा दिवसांत तसंच झालं. तो प्रकल्प चौदा नंबर वगळून, दुसऱ्या जनुकावर, एका तरुण सहकाऱ्याला देण्यात आला. तो भला माणूस होता. येऊन म्हणाला, "मॅडम, मी मागितला नव्हता." तिला त्याच्यावरही चिडता येईना.

चिमणीला तिने फोन केला. सगळं ऐकेपर्यंत चिमणी एकदाही मधे बोलली नाही, आणि हेच पहिलं अशुभ लक्षण होतं.

"म्हणजे पेपर मागे घ्यायचा?" शेवटी तिने विचारलं.

"हो. तुझी संमती लागेल. दोघींचं नाव आहे."

"मॅडम, माझी नोकरी त्या पेपरवर उभी आहे. माझे तीन विद्यार्थी त्यावर काम करतायत. मी त्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

"तुम्हाला सोपं आहे. तुमची नऊ वर्षं राहिली निवृत्तीला. माझी पंचवीस आहेत." मग तिचा आवाज चढला. "मी पहिल्या वर्षी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? कुंड्या फिरवायच्या का म्हणून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दारावर काय लिहिलंय ते वाच. मी वाचलं. चार वर्षं पाळलं."

तिला खरंच आठवत नव्हतं. हे विचारलं गेलं असेल यात मात्र तिला अजिबात शंका नव्हती. चिमणी सगळंच विचारायची. ती म्हणाली, "चूक माझी आहे, तसंच लिहीन." तिकडे फोन ठेवला गेला होता.

संमतीची वाट बघण्यात आठवडे जायला लागले. या रिकाम्या दिवसांत तिला भावाकडे जाणं भाग होतं. एका सकाळी बसने ती शहराबाहेर गेली. भाऊ काचघरात झाडांचे बगलेतले फुटवे खुडत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खुडत राहिला. केस पार पांढरे झाले होते त्याचे. वहिनी क्रेटवर बसून फळं निवडत होती, तिनेच बसायला दुसरा क्रेट पालथा घालून दिला.

"दादा, त्या चाचणीत तुझी चूक नव्हती," ती म्हणाली. "पाणीही बरोबर होतं. चूक माझ्याकडे होती, आधीपासूनच." आणि तिने फळ्यांचं सगळं सांगितलं.

भावाचे हात थांबले. त्याने हिरवे झालेले अंगठे पँटला पुसले. "पाणी बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"तू छापून पाठवलं होतंस. सिंचनातील अनियमितता." तो शब्द त्याने एकेक अक्षर सुटं करून उच्चारला. "मी चारदा वाचलं ते. म्हटलं, माझी बहीण रागात काहीही बोलेल, पण छापणार नाही. छापलंय म्हणजे काहीतरी असणार. आणि काकांना काढून टाकलं."

"काढलं? कधी?"

"त्याच महिन्यात."

"तुम्ही लिहिलंत, यांनी काढलं," वहिनी म्हणाली. "मी दोघांनाही तेव्हाच सांगितलं असतं, पण या घरात मला विचारतो कोण? बावीस वर्षांत त्या माणसाने एक सुट्टी घेतली नाही. जाताना नळाच्या चाव्या इथं, या खांबाला अडकवल्या आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही."

आता पाण्याला घड्याळ लावलेलं यंत्र होतं. ते दर आठवड्याला तुंबत होतं, आणि भाऊ ते दर आठवड्याला शिव्या देत साफ करत होता. भाऊ तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो पुन्हा फुटवे खुडायला लागला. झाडांची एक ओळ संपवून, पाठमोराच म्हणाला, "मीच एकदा त्यांच्याबरोबर पहाटे उभा राहिलो असतो तर कळलं असतं. तुझ्या कागदावर काय लिहिलंय ते बघत बसलो." मग वहिनीला म्हणाला, "हिला जेवायला थांबव." ती थांबली. निघताना वहिनीने पाणीकाका कुठे असतात ते सांगितलं.

एका दवाखान्याच्या वाहनतळावर ते दांडा वरखाली करायचं काम करत होते. पत्र्याच्या टपरीत एक खुर्ची, एक छत्री, एक पाण्याची बाटली. तिला त्यांनी लगेच ओळखलं, पण उठले नाहीत.

"काका, त्या वेळी पाणी चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे."

"मला आता कळलं."

"तीन वर्षं लागली?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. एक गाडी आली, त्यांनी दांडा उचलला, पुन्हा खाली केला. "मग आता?"

"जे छापलं होतं ते मी मागे घेतेय. लेखी."

"त्यात पाण्याचं लिहाल?"

मागे घ्यायचा होता तो मुख्य पेपर. टिपेचा तिने विचारच केला नव्हता. "लिहीन," ती म्हणाली.

"लिहा. माझ्या जावयाने मला विचारलं होतं, काका, खरंच विसरलात का हो? वय झालंय तुमचं. त्याला दाखवायचंय."

चिमणीची संमती नवव्या आठवड्यात आली, एका ओळीची: माझी हरकत नाही. खाली नेहमीचं 'आपली' नव्हतं. मग नियतकालिकाचा अर्ज भरायचा होता. त्यात माघारीच्या कारणांची यादी होती आणि त्यातलं एक निवडणं सक्तीचं होतं: बनावट माहिती, दुसऱ्याची नक्कल, मालकीचा वाद, नैतिक परवानगीचा अभाव, इतर. मूर्खपणाला रकाना नव्हता. तिने 'इतर' निवडलं. पुढे स्पष्टीकरणाला दीडशे शब्द. ते लिहायला तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी अर्ज पाठवताना तो अडकला आणि पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. तिने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की करंगळी सुजली.

स्पष्टीकरणातलं शेवटचं वाक्य पाण्याविषयी होतं. संपादकांनी कळवलं की ते अनावश्यक आहे, वगळावं. तिने कळवलं की टीपही तुम्हीच छापली आहे. त्यांनी कळवलं की टिपेसाठी वेगळा अर्ज करावा. तिने कळवलं की वेगळा अर्ज करते, पण हे वाक्यही राहील. त्यांनी कळवलं की शब्दमर्यादा ओलांडली जाते आहे. तेव्हा तिने स्वतःच्या संशोधनाचं उरलेलं महत्त्व सांगणारी दोन वाक्यं काढून टाकली आणि पाण्याचं ठेवलं. सोळा वर्षांत तिने इतक्या पत्रांची लढाई एका वाक्यासाठी कधी केली नव्हती, आणि ते वाक्य झाडांबद्दल नव्हतंच.

पाच महिन्यांनी ती माघार छापून आली. तिने पान छापून घेतलं, खाली स्वतःच्या हाताने सोप्या भाषेत अर्थ लिहिला आणि वाहनतळावर गेली. पाणीकाकांनी चष्मा लावला आणि सावकाश, ओठ हलवत वाचलं. 'काचघरातील पाणी ठरल्याप्रमाणे व वेळेवर दिले गेले होते. याविषयीचे आमचे आधीचे विधान चुकीचे होते.'

"यात माझं नाव नाही," ते म्हणाले.

"नावं देत नाहीत ते, काका."

"तुमचं आहे की. वर आहे बघा."

नियम होते, कारणं होती, आणि त्यातलं एकही तिला त्या माणसासमोर तोंडातून काढवेना. तिने पेन काढलं आणि हाताने लिहिलेल्या ओळीच्या शेजारी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यासाठी आधी ते विचारावं लागलं. बावीस वर्षं तिथे असलेल्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. खाली तिने सही केली, या वेळी तारखेसकट.

त्यांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "दादा येऊन गेले परवा," ते म्हणाले. "परत या म्हणत होते."

"जाणार?"

"बघू. ते यंत्र तुंबतं म्हणे." एवढं बोलून ते पहिल्यांदा थोडं हसले. "इथं गुडघ्याला बरं आहे. दांडा हलका आहे." मागून गाडीने हॉर्न दिला. ती वाटेतच उभी होती.

चिमणीचा फोन काही आला नाही. तिच्या नव्या पेपरात कुंड्या दर दोन दिवसांनी फिरवल्याचा उल्लेख होता, तोही दोनदा, आणि आभाराच्या यादीत मॅडमचं नाव नव्हतं. ते वाचून तिला वाईट वाटलं, आणि पद्धत नीट लिहिली आहे हे बघून बरंही वाटलं.

तळघरातल्या तापघरात तिने मेकॅनिककडून हवा वळवायला एक पत्रा बसवून घेतला. आता वर-खाली अर्ध्या अंशाचा फरक राहिला होता. कुंड्यांच्या जागा ती चिठ्ठ्या टाकून ठरवायची, आणि कुठल्या कुंडीत काय आहे हे मोजून होईपर्यंत तिला स्वतःलाही कळायचं नाही, अशी व्यवस्था एका विद्यार्थ्याकडे दिली होती. या नव्या पद्धतीची तिसरी फेरी संपली तेव्हा आकडे आले. चौदावाली सव्वीस, साधी बावीस.

चारांचा फरक. पहिल्या फेरीत शून्य होता, दुसऱ्या फेरीत उलटा दोनचा. यात काहीतरी होतं, किंवा काहीच नव्हतं. खात्री करायची तर आणखी निदान सहा फेऱ्या, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष.

"मॅडम, मग काय लिहायचं?" विद्यार्थ्याने विचारलं.

"काही लिहायचं नाही," ती वैतागून म्हणाली. "बी भिजत घाल."